एका शिंगाचा न्यायाधीश: चिनी पुराणातला श्येझी

(या भागाचं शब्दांकन. जे बोलले तेच आहे. फक्त अडखळलेली वाक्यं सरळ केली आहेत.)

  

मागच्या काही भागांत आपण वेगवेगळ्या देशांच्या पुराणांतले प्राणी घेतोय. आज चीन. चीन म्हटलं की तुम्ही लगेच म्हणणार, ड्रॅगन. नाही, ड्रॅगन आज सुट्टीवर आहे. चिनी दुकानांत गल्ल्याजवळ बसलेला तो पैसे खाणारा पिश्यू पण नाही. देवळाबाहेरचे दगडी सिंह पण नाहीत. हे सगळे राखणदारच आहेत, पण ते राखतात काय? दार, तिजोरी, घर. आजचा आपला प्राणी जे राखतो ते दिसत नाही. तो राखतो खरं आणि खोटं यांच्यातली रेघ.

त्याचं नाव श्येझी. उच्चार मी मराठी जिभेला जमेल तसा करतेय, कोणी चिनी मित्र ऐकत असेल तर हसून सोडून दे रे बाबा.

आता हा दिसतो कसा? इथेच पहिला गोंधळ. जुन्या नोंदींमध्ये एक म्हणते डोंगरी बैलासारखा, दुसरी म्हणते बकरीसारखा. बकरी की मेंढी हेही विचारू नका, कारण चिनी भाषेत दोघींना एकच शब्द आहे, यांग. पुढे शतकं गेली तसा त्याच्या अंगावर खवले आले, आयाळ आली, चेहरा सिंहासारखा झाला. पण एक गोष्ट कधी बदलली नाही: डोक्यावर मधोमध एकच शिंग.

आणि काम? हान काळातली एक नोंद सांगते की हा प्राणी दूर ईशान्येच्या रानात राहतो, स्वभावाने इमानी असतो. दोन माणसं मारामारी करताना दिसली की ज्याची चूक आहे त्याला शिंगाने ढुशी मारतो. दोघे वाद घालत असतील तर खोटं बोलणाऱ्याला चावतो.

विचार करा, असा एक प्राणी आपल्या सोसायटीच्या मीटिंगला आणून बांधला तर!

पुराणातली गोष्ट अशी. फार फार पूर्वी, शुन नावाच्या आदर्श राजाच्या काळात गाओ याओ नावाचा एक न्यायाधीश होता. हा दंतकथेतला माणूस आहे, चिनी लोक त्याला न्यायाधीशांचा मूळपुरुष मानतात. त्याच्याकडे श्येझी होता. एखाद्या खटल्यात शंका राहिली, साक्षीपुरावा दोन्ही बाजूंनी सारखाच पडला, की गाओ याओ श्येझीला सोडायचा. गुन्हेगार असेल तर ढुशी. नसेल तर हा गप्प उभा. गाओ याओ त्या प्राण्याला इतका मान द्यायचा की उठता-बसता त्याची सेवा करायचा म्हणे.

अक्षरात लपलेला प्राणी

आता एक मस्त गोष्ट सांगते. चिनी भाषेत कायद्याला म्हणतात फा. या अक्षराचं जुनं रूप बरंच गुंतागुंतीचं होतं. त्यात तीन तुकडे होते. डावीकडे पाणी. उजवीकडे वर आपला श्येझी. आणि त्याच्या खाली 'जाणे' किंवा 'घालवणे' या अर्थाचं चिन्ह.

इ.स. १०० च्या सुमाराला शू शेन नावाच्या विद्वानाने चिनी अक्षरांचा एक मोठा कोश लिहिला, 'श्वोवेन च्येझी'. त्यात तो हे अक्षर असं सोडवतो: पाणी कशासाठी, तर कायदा पाण्यासारखा समपातळीत असावा म्हणून. गवंडी भिंत बांधताना पाणसळ लावतो ना, तसं. आणि प्राणी कशासाठी, तर तो वाकड्या माणसाला ढुशी मारून घालवून देतो म्हणून. म्हणजे एका अक्षरात आख्खं न्यायशास्त्र: सगळ्यांना सारखी पातळी, आणि वाकड्याला बाहेरचा रस्ता.

एवढं सुंदर जमलंय की शंका यावी. आणि शंका घ्यायला जागा आहे. शू शेनच्या कित्येक शतकं आधीच्या ब्राँझच्या भांड्यांवर हेच अक्षर सापडतं, आणि तिथे ते बऱ्याचदा 'टाकून देणे' या अर्थाने येतं. राजा सरदाराला सांगतोय, माझी आज्ञा टाकू नकोस. म्हणजे कायद्याचा हा सुबक अर्थ नंतर बसवलेला असू शकतो. पण नंतर का होईना, लोकांना तो बसवावासा वाटला, हे महत्त्वाचं.

आणि पुढे काय झालं माहितीये? लिहायला सोपं जावं म्हणून अक्षर आखूड केलं गेलं. शू शेनच्या काळातच आखूड रूप चालू झालेलं होतं. त्यात श्येझी गाळला. आज चीनमध्ये 'फा' लिहितात त्यात फक्त पाणी आणि 'जाणे' आहे. प्राणी गेला, पाणी राहिलं. हे वाक्य लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

जाता जाता एक आपला धागा. भारतातून बौद्ध ग्रंथ चीनमध्ये गेले तेव्हा तिथल्या भाषांतरकारांपुढे प्रश्न पडला की 'धर्म' या शब्दाला चिनीत काय म्हणायचं? त्यांनी हाच शब्द निवडला, फा. शाळेत इतिहासाच्या पुस्तकात आपण फाहियान वाचला होता आठवतंय? पाचव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात आलेला प्रवासी भिक्खू. त्याच्या नावातला 'फा' तो हाच. म्हणजे ज्या नावाचं स्पेलिंग पाठ करून आपण दोन मार्क मिळवले, त्याच्या पहिल्या अक्षरात कधीकाळी एक शिंगवाला प्राणी बसलेला होता.

उठून उभी राहिलेली बकरी

या प्राण्याच्या आसपासची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मोझी या विचारवंताच्या ग्रंथात आहे. मोझी साधारण इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला. गोष्टीत श्येझी नाही, साधी बकरी आहे. पण वंश तोच.

छी नावाच्या राज्यात ज्वांग नावाचा राजा होता. त्याच्या दोन सरदारांचा खटला चालू होता. एकाचं नाव वांगली ग्वो, दुसऱ्याचं जोंगली ज्याओ. तीन वर्षं झाली, निकाल लागेना. राजा पेचात पडला. दोघांनाही मारावं तर निर्दोष माणूस मरेल. दोघांनाही सोडावं तर गुन्हेगार सुटेल.

थांबा इथे जरा. हा पेच अडीच हजार वर्षांनीही तोच आहे. माझ्यासारख्या इंजिनीअर लोकांच्या भाषेत याला फॉल्स पॉझिटिव्ह आणि फॉल्स निगेटिव्ह म्हणतात. एक कमी करायला जावं तर दुसरं वाढतं. राजाला गणित येत नव्हतं, पण पेच नेमका कळला होता.

मग राजाने काय केलं? दोघांना मिळून एक बकरी आणायला लावली, आणि भूमिदेवतेच्या ठाण्यावर शपथ घ्यायला सांगितलं. आपल्याकडे ज्याला दिव्य करणं म्हणायचे, तसाच प्रकार. बकरी कापली, रक्त शिंपडलं. वांगली ग्वोची शपथ वाचली, पूर्ण झाली, काही झालं नाही. मग जोंगली ज्याओची वाचायला घेतली. निम्मीसुद्धा झाली नसेल, तोच ती कापलेली बकरी उठली, त्याच्यावर धावून गेली, त्याचा पाय मोडला, आणि तो तिथेच, शपथेच्या जागीच मेला.

आपल्या बोलण्यात बकरा नेहमी बळीचा असतो. इथे बळीच्या बकरीनेच बळी घेतला.

मोझी ही गोष्ट भुताखेतांचं अस्तित्व पटवून द्यायला सांगतो. त्याचं म्हणणं असं की वरून कोणीतरी बघतंय हा धाक असला की माणसं सरळ वागतात. पण मला या गोष्टीत दुसरंच काही दिसतं. तीन वर्षं माणसांनी प्रयत्न केला आणि ते थकले. थकलेल्या माणसाला सगळ्यात जास्त काय हवं असतं? निर्णय घेणारं दुसरं कोणीतरी. जे चुकत नाही, ज्याच्याशी वाद घालता येत नाही, आणि ज्याचं पाप आपल्या माथी येत नाही.

टोपी, कापडाचा चौकोन आणि छप्पर

पुढे हा प्राणी रानातून सरकारी कचेरीत आला. हान काळात कायद्याचं काम बघणारे अधिकारी एक खास टोपी घालायचे. पाच त्सुन उंच, म्हणजे आपल्या चार-साडेचार इंचांच्या आसपास, आत लोखंडी काड्यांचा आधार. तिला श्येझीची टोपी असंही म्हणत. गोष्ट अशी की छू राज्याच्या राजाला कधीतरी श्येझी सापडला, त्याने त्याच्यावरून टोपी केली. मग छिन साम्राज्याने छू जिंकलं आणि ती टोपी आपल्या कायदा बघणाऱ्या अधिकाऱ्यांना देऊन टाकली.

१३९१ मध्ये मिंग राजवटीने अधिकाऱ्यांच्या झग्यावर छातीशी लावायचे कापडी चौकोन ठरवून दिले. मुलकी अधिकाऱ्यांना पक्षी, लष्करी अधिकाऱ्यांना जनावरं. कोण कुठल्या पायरीवर आहे ते छातीकडे बघून कळायचं. आपल्या ऑफिसच्या आयकार्डासारखंच, फक्त भरतकाम जास्त. पण एका खात्याला या उतरंडीतून वेगळं काढलं होतं: इतर अधिकाऱ्यांवर नजर ठेवणारे, त्यांची लाचलुचपत उघडी करणारे, प्रसंगी सम्राटालाही चार शब्द सुनावणारे निरीक्षक. त्यांच्या छातीवर श्येझी. छिंग राजवटीतही हे चालू राहिलं.

बीजिंगजवळच्या मिंग थडग्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुतर्फा २४ दगडी प्राणी आहेत, सहा जातींचे प्रत्येकी चार. सिंह, उंट, हत्ती, घोडे यांच्यासोबत श्येझीही. बीजिंगच्या राजवाड्यात सगळ्यात मोठ्या दरबाराच्या छपराकडे बघितलं तर कडेला दहा छोटे प्राणी ओळीने बसलेले दिसतात. त्यात आठवा श्येझी.

आता मला इथे एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पुराणातल्या गाओ याओकडे निर्णय कोण घ्यायचं? प्राणी. आणि टोपीवाल्या अधिकाऱ्याकडे? माणूस. प्राणी फक्त त्याच्या डोक्यावर किंवा छातीवर होता, आठवण म्हणून. निकाल चुकला तर 'प्राण्याने ढुशी मारली, मी काय करू' असं त्याला म्हणता येत नव्हतं. प्रतीकाचं खरं काम हे. देवाचं काम माणसाच्या गळ्यात घालायचं, पण त्याला विसरू द्यायचं नाही की हे काम केवढं मोठं आहे.

वांग छोंगचा प्रश्न

मंडळी, आता माझा आवडता माणूस येतोय. वांग छोंग. जन्म इ.स. २७, गरीब घरातला. राजधानी ल्वोयांगमध्ये शिकायला आला तेव्हा पुस्तकं विकत घ्यायला पैसे नव्हते. मग काय, बाजारात पुस्तकांच्या दुकानांत जायचं, वाचायचं आणि लक्षात ठेवायचं. एकदा वाचलं की पाठ, असं त्याच्याबद्दल लिहून ठेवलंय. फुकटच्या वायफायवर शिकलेल्या आपल्या पिढीला हा जवळचा वाटायला हरकत नाही.

त्याने 'लुनहंग' नावाचा ग्रंथ लिहिला. नावातच तराजूचा अर्थ आहे: मतं तोलून बघणं. लोक ज्या ज्या चमत्कारांवर विश्वास ठेवत होते ते एकेक घेऊन तो तपासतो. त्यात आपल्या एकशिंगी मित्राचाही नंबर लागतो.

तो आधी शिंगावरच घसरतो. म्हणतो, इतर बकऱ्यांना दोन शिंगं असतात, याला एकच. म्हणजे हा बाकीच्यांपेक्षा कमीच झाला की! तीन पायांचं कासव चार पायांच्या कासवापेक्षा जास्त पवित्र असतं का? मग एका शिंगाची बकरी दोन शिंगांच्यांपेक्षा शहाणी कशी?

मग तो खरा मुद्दा काढतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कदाचित या प्राण्याचा स्वभावच ढुशी मारण्याचा असेल. गुन्हेगार कोण हे त्याला कळत असेलच असं नाही. मग गाओ याओने त्याला का वापरलं? कारण शिक्षा झालेला माणूस कुरकुर करतो, निकाल मान्य करत नाही. न्यायाधीशाने शिक्षा दिली तर लोक न्यायाधीशाला प्रश्न विचारतात. पण दैवी प्राण्याने ढुशी मारली तर? लोक घाबरतील, आणि शिक्षा झालेल्याच्या घरचे मरेपर्यंत तक्रारीचा एक शब्द काढणार नाहीत.

१९०० वर्षांपूर्वीचा माणूस आहे हा! त्याने 'प्राणी खरा की खोटा' एवढ्यावर थांबायचं नाकारलं. त्याने विचारलं, हा प्राणी असल्याने फायदा कोणाचा होतो? आणि उत्तर दिलं: ज्याला शिक्षा द्यायचीय, त्याचा. कारण समोरच्याचं तोंड बंद होतं.

मला वाचता येत नाही, पण ढुशी मारता येते

वांग छोंगची भीती खरी ठरवणारी एक घटना थांग काळात घडली. सुमारे इ.स. ६९०. चीनच्या इतिहासात स्वतःच्या नावाने सम्राट म्हणून गादीवर बसलेली एकच स्त्री, वू झेथ्यन, तेव्हा सत्तेवर येत होती. तिला आपल्याविरुद्ध कट होतील ही भीती होती, म्हणून तिने चुगली करणाऱ्यांना मोकळं रान दिलं. कोणीही या, कोणाचंही नाव सांगा, बक्षीस घ्या.

त्यात हौ सझी नावाचा एक माणूस वर आला. मूळचा भाकऱ्या-पोळ्या विकणारा, मग एका सरदाराकडे नोकर. धंदा प्रामाणिक होता, माणूस नव्हता. त्याने बड्या लोकांवर बंडाचा आरोप केला, बक्षिसी मिळाली, आणि मग त्याने मागणी केली की मला निरीक्षक करा. म्हणजे तेच, श्येझीवालं पद.

सम्राज्ञी म्हणाली, अरे, तुला तर लिहिता-वाचता येत नाही.

त्यावर तो म्हणाला की श्येझीला तरी कुठे वाचता येतं? पण तो दुष्टांना ढुशी मारतोच ना!

उत्तर इतकं चपखल की सम्राज्ञी खूश झाली आणि पद देऊन टाकलं. हे उत्तर त्याला त्याच्या मालकाने आधीच पढवून ठेवलं होतं, असंही थांग इतिहासात येतं. पुढे हा माणूस छळ करून कबुलीजबाब काढण्यासाठी कुप्रसिद्ध झाला. शेवटी त्याने मनाई असलेलं किनखाबी रेशीम घरात दडवल्याचं सापडलं आणि भर दरबारात त्याला फटके मारून मारून मारलं गेलं.

बघा काय झालं. टोपीचा अर्थ होता: माणसा, तुला वाचता येतं, विचार करता येतो, म्हणून ही जबाबदारी घे. हौ सझीने अर्थ उलटा केला: मी प्राणीच आहे, मला वाचायची गरज नाही, मी फक्त ढुशी मारणार. आणि ज्याला कारण द्यावं लागत नाही असा ढुशी मारणारा सत्तेला नेहमीच सोयीचा असतो.

आपल्या खिशातला श्येझी

आता तुम्ही म्हणाल, ताई, हे सगळं ठीक आहे, पण आमचा काय संबंध?

सांगते. मी बीटेक करून सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यातली शेवटची दोन पैशांच्या व्यवहारांतले घोटाळे पकडणाऱ्या प्रणालीवर. काम काय, तर लाखो व्यवहारांतून संशयास्पद वाटतील त्यांच्यावर खूण करायची. आमचं मॉडेल एक आकडा देतं, शून्य ते एकच्या मधला. ठरलेल्या रेषेच्या वर गेला की ढुशी. खातं थांबतं.

मॉडेलला चोर ओळखता येत नाही. त्याला फक्त एवढं येतं की आधी पकडलेल्या चोरांसारखं काय दिसतं. वांग छोंग म्हणाला तेच: ढुशी मारणं हा त्याचा स्वभाव आहे, गुन्हा कळतो असं नाही. आमच्या मीटिंगमध्ये हे सगळ्यांना माहीत असतं. पण ग्राहकाला जो मेसेज जातो त्यात असं काही नसतं. तिथे फक्त 'आमच्या प्रणालीला आढळले आहे' असतं. इतकं ठाम, जणू गाओ याओच बोलतोय.

माझा मावसभाऊ एका अ‍ॅपसाठी डिलिव्हरी करतो. नाव घेत नाही कोणाचं. मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी त्याचं खातं बंद झालं. अ‍ॅपने सेल्फी मागितला होता, खात्यावरचा चेहरा आणि समोरचा चेहरा जुळला नाही म्हणे. अंगावर रेनकोट, तोंडावर पाणी, रस्त्यावरचा दिवा. त्याने मदत केंद्राला लिहिलं, उत्तर आलं. पुन्हा लिहिलं, तेच उत्तर आलं, शब्दाला शब्द. नऊ दिवस. बाईकचा हप्ता तसाच राहिला. शेवटी खातं आपोआप चालू झालं, का बंद झालं होतं ते कोणी सांगितलं नाही.

तो मला म्हणाला, "ताई, कोणी तोंडावर चोर म्हणालं असतं ना, तर मी भांडलो असतो. पण इथे भांडायला माणूसच नव्हता."

मरेपर्यंत तक्रारीचा शब्द न काढणारं घर म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. तक्रार नसते असं नाही. ती ठेवायला जागा नसते.

ही फक्त आमच्या घरातली गोष्ट नाही. ब्रिटनमध्ये १९९९ पासून पोस्ट ऑफिसात होरायझन नावाची संगणक प्रणाली आली, फुजित्सू कंपनीची. ती हिशेबात तूट दाखवायची, जी कित्येकदा नव्हतीच. गावोगावचे पोस्ट चालवणारे लोक सांगत होते की आम्ही पैसे घेतले नाहीत. पण तिथल्या कायद्यात गृहीत धरलं जायचं की उलट काही सिद्ध होत नाही तोवर संगणक बरोबर चालतोय. २०१५ पर्यंत ९०० हून जास्त लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले. त्यात एक भारतीय वंशाची बाई गरोदर होती. अनेकांना सांगितलं गेलं की असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय. २०१९ मध्ये न्यायालयाने मान्य केलं की दोष प्रणालीत होते, आणि २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द कराव्या लागल्या.

तिथे शिंगवाला प्राणी नव्हता. पण निर्दोष माणूस मरेल की काय हा ज्वांग राजाला पडलेला प्रश्नसुद्धा बराच काळ कोणाला पडला नाही. निकाल यंत्राने दिला होता ना!

मग या प्राण्याचं करायचं काय?

एवढं सगळं बोलल्यावर तुम्हाला वाटेल, ही श्येझीला हाकलायला निघालीय. अजिबात नाही. मला तो आवडतो. चीनमध्ये आजही न्यायालयांबाहेर, कायद्याच्या कॉलेजांत त्याचे पुतळे दिसतात. कोरियात तर तो जाऊन वेगळाच झाला. तिथे त्याचं नाव हेची. मराठी कानाला गंमत वाटते ना? सोलच्या राजवाड्याच्या ग्वांगह्वामुन दरवाज्यापाशी दोन दगडी हेची बसलेत, आणि ते आगीपासून राखतात अशी तिथली समजूत. २००८ मध्ये सोल शहराने त्याला आपलं अधिकृत प्रतीक केलं, २०२४ मध्ये त्याला नवं रूप दिलं, चक्क गुलाबी. गुन्हेगाराचा पाय मोडणाऱ्या बकरीपासून गुलाबी बाहुल्यापर्यंत, प्रवास चांगला आहे.

मला वाटतं हा प्राणी दोन हजार वर्षं टिकला, कारण तो एक खरी इच्छा दाखवतो. गरिबाची, ज्याच्याकडे वकील नाही, ओळख नाही. त्याला वाटतं की कोणीतरी असं असावं ज्याला लाच देता येत नाही, जे पाटलाच्या पोराला आणि माझ्या पोराला एकाच नजरेने बघतं. श्येझीला वाचता येत नाही, म्हणजे त्याला शिफारसपत्रही वाचता येत नाही! ही इच्छा चुकीची नाही. संगणकाने निर्णय घ्यावेत असं लोकांना वाटतं, त्यामागेही हीच इच्छा असते. माणसाने फसवलं, निदान यंत्र तरी फसवणार नाही.

पण त्या जुन्या अक्षराकडे परत या. त्यात शिंग एकटं नव्हतं. डावीकडे पाणी होतं. समपातळी. आणि पातळी म्हणजे फक्त सगळ्यांना एकच नियम एवढंच नाही. ढुशी खाणारा आणि ढुशी मारणारा एका पातळीवर उभे राहून बोलू शकतील, हीसुद्धा पातळीच. अक्षर आखूड करताना लोकांनी प्राणी गाळला आणि पाणी ठेवलं. त्यांनी लिहिण्याची सोय बघितली असेल, पण निवड चांगली झाली.

आमच्या टीममध्ये मी सध्या एक साधी गोष्ट मागतेय. खातं थांबलं की मेसेजमध्ये कारण मराठीत, हिंदीत, माणसाला कळेल असं लिहायचं. आणि खाली एक बटण, जे दाबलं की ठरलेल्या वेळात खरा माणूस फाइल उघडून बघेल आणि आपल्या नावाने उत्तर देईल. खर्च वाढतो, म्हणून दोनदा मागे पडलंय. तिसऱ्यांदा मांडणार आहे. टोपी कोणाच्या तरी डोक्यावर असली पाहिजे, एवढंच म्हणणं आहे.

तुम्ही इंजिनीअर असाल तर तुमच्या प्रणालीबद्दल हा प्रश्न विचारून बघा: हिने ढुशी मारली तर जबाब कोण देणार? आणि तुम्ही ढुशी खाल्लेल्या बाजूला असाल, खातं बंद, कर्ज नाकारलं, अर्ज बाद, तर 'सिस्टीममध्येच तसं आहे' या उत्तरावर फोन ठेवू नका. कारण लेखी मागा. तारीख लिहून ठेवा, स्क्रीनशॉट काढा, पुन्हा विचारा. वांग छोंगने देवाच्या प्राण्याला प्रश्न विचारला होता, आपण निदान कस्टमर केअरला विचारू शकतो.

पुढच्या भागात जपानला जाऊ, तिथल्या कोल्ह्यांकडे. ते न्याय वगैरे करत नाहीत, सरळ फसवतात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि रस्ता ओलांडताना हेडफोन काढा. भेटू.